पुरःस्थ ग्रंथीची वाढ आणि जांघेतील हर्निया

पुरःस्थ ग्रंथीची वाढ म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ही ग्रंथी उतारवयात आकाराने मोठी होणे. ही वाढ कर्करोगाची नसते. मात्र मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधून जात असल्याने तो दाबला जातो आणि लघवीच्या तक्रारी सुरू होतात. जांघेतील हर्निया म्हणजे पोटाच्या भित्तीतील दुबळ्या जागेतून आतड्याचा किंवा आतील चरबीचा भाग जांघेत, क्वचित थेट अंडकोशात उतरणे. हे दोन विकार मुळात वेगवेगळे आहेत; एक ग्रंथीचा, दुसरा स्नायूंच्या भित्तीचा. तरीही ते एकाच वयात आणि पुष्कळदा एकाच पुरुषात आढळतात. लघवीसाठी रोज कुंथावे लागणाऱ्या माणसाच्या जांघेवर ताण येतो, आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी अडकण्याचा धोका मोठ्या ग्रंथीच्या माणसाला अधिक असतो. म्हणून वैद्यकशास्त्रात या दोहोंचा विचार एकत्र करण्याची जुनी शिस्त आहे.

दोन्ही विकारांवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. तरीही अवयव लाजेचे असल्यामुळे आणि ‘वय झाले की असे व्हायचेच’ या समजुतीमुळे पुरुष वर्षानुवर्षे गप्प राहतात. लघवी पूर्ण तुंबल्यावर किंवा आतड्याला फास बसल्यावर ते रुग्णालयात येतात, तेव्हा साधा इलाज अवघड झालेला असतो.

नावे व जुने उल्लेख

प्रोस्टेट या ग्रंथीला मराठी कोशवाङ्मयात पुरःस्थ ग्रंथी, अष्ठीला ग्रंथी आणि पौरुष ग्रंथी अशी नावे आढळतात. व्यवहारात मात्र ‘प्रोस्टेट’ हाच शब्द रूढ आहे, आणि रुग्णाने डॉक्टरांशी बोलताना तोच वापरणे सोयीचे ठरते. अष्ठीला या संस्कृत शब्दाचा अर्थ गोल, कठीण दगड असा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले असून त्यांत ‘वाताष्ठीला’ हा एक आहे. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट, उंचवटा आलेली गाठ होते आणि तिच्यामुळे मल, मूत्र व वायू अडतात, असे त्याचे वर्णन आहे. जागा आणि परिणाम जुळत असल्याने अनेक अभ्यासक ही गाठ म्हणजे वाढलेली पुरःस्थ ग्रंथीच होय असे मानतात. हा तर्क आकर्षक असला तरी प्राचीन ग्रंथकाराला आजच्या अर्थाची ग्रंथी अभिप्रेत होती, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल.

हर्नियाला शास्त्रीय मराठीत ‘अंतर्गळ’ म्हणतात. बोलीत ‘आंत उतरणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार दिले आहेत, त्यांत अंत्रवृद्धी व मूत्रवृद्धी हे वेगवेगळे मोजले आहेत. ओझे वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशी कारणे तेथे दिली आहेत. फुगलेला भाग दाबला की आवाज करीत वर जातो आणि सोडला की पुन्हा खाली येतो, हे निरीक्षण आजच्या पाठ्यपुस्तकातही जसेच्या तसे शोभेल असे आहे. अंडकोश सुजलेला दिसला की सरसकट ‘अंडवृद्धी’ म्हणण्याच्या लोकरूढीमुळे मात्र घोटाळा होतो. अंडकोशात पाणी साठणे, म्हणजे जलवृषण, हा निराळा आजार आहे. त्यात आतडे उतरलेले नसते, त्यामुळे आतड्याला फास बसण्याचे भयही नसते.

ग्रंथीची रचना व वाढीचे कारण

तरुण पुरुषात पुरःस्थ ग्रंथी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे बसलेली असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. मूत्रमार्गाचा पहिला भाग तिच्या मधून, मण्यातून दोरा जावा तसा जातो. वाढ होते ती प्रामुख्याने याच मार्गाला लागून असलेल्या आतल्या भागात. कर्करोग बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो. साध्या वाढीमुळे त्रास लवकर जाणवतो आणि कर्करोग सुरुवातीला मुका राहतो, याचे एक कारण हेच आहे. साध्या वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही. परंतु एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात.

वय आणि वृषणांतून येणारे पुरुष संप्रेरक या दोन गोष्टी वाढीला आवश्यक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्या बहुसंख्य पुरुषांत ही वाढ दिसते. टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीमध्येच डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी संप्रेरक बनते आणि ते पेशींना वाढण्याचा आदेश देत राहते. या साखळीचा उलगडा होण्यास डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास कारणीभूत ठरला. तेथील काही मुलांत हे रूपांतर घडवणारे विकर जन्मतः कमी होते. प्रौढपणी त्यांची पुरःस्थ ग्रंथी लहानच राहिली. १९७४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून पुढे फिनॅस्टेराइड या औषधाची कल्पना निघाली. ते १९९२मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

लघवीच्या तक्रारी

तक्रारींचे दोन गट पडतात आणि रुग्णाने ते वेगळे करून सांगितले तर निदान सोपे होते. पहिला गट लघवी बाहेर पडण्याच्या अडचणींचा आहे. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक व कमजोर होते, मध्येच तुटते, जोर करावा लागतो, शेवटी थेंब थेंब गळत राहते आणि पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. दुसरा गट लघवी साठवण्याच्या अडचणींचा. वारंवार जावे लागते, घाई लागली की थांबवत नाही, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. अडथळ्याविरुद्ध सतत ढकलून मूत्राशयाचा स्नायू जाड व चिडखोर होतो, त्यातून हा दुसरा गट उद्भवतो. माणसाला अधिक हैराण करतात ती ही दुसऱ्या गटातली लक्षणे. रात्रीची झोप मोडणे, अंधारात उठून पडणे आणि त्यात मांडीचे हाड मोडणे हे त्याचे खरे मोल आहे.

ग्रंथी किती मोठी आहे यावरून त्रास किती होईल हे ठरत नाही. ८० ग्रॅमची ग्रंथी असलेला माणूस निवांत असू शकतो आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने एखाद्याची लघवी तुंबू शकते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड दोन’ असे वाचून घाबरून जाणारे लोक पुष्कळ असतात. उपचार कागदावरील आकड्यावर नव्हे, तर माणसाच्या त्रासावर व त्याच्या मूत्राशय-मूत्रपिंडांच्या स्थितीवर ठरतो.

उलटपक्षी, साठीच्या पुरुषाची प्रत्येक लघवीची तक्रार प्रोस्टेटची असते असेही नाही. अनियंत्रित मधुमेहात लघवी मुळातच जास्त होते. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावे लागते. पायांवर सूज असलेल्या माणसाचे साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मध्यरात्री लघवीवाटे निघते. पक्षाघात, कंपवात, मूत्रमार्ग आकुंचित होणे, मूतखडा आणि जंतुसंसर्ग हीदेखील कारणे आहेत. लघवीतून रक्त जाणे, विशेषतः वेदना नसताना, हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. ते कधीही ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नये.

लघवी अडकणे

अचानक लघवी तुंबणे ही तातडीची अवस्था आहे. ओटीपोट फुगते, असह्य कळा येतात, तळमळ होते आणि थेंबही उतरत नाही. मूत्रमार्गातून नळी घालून मूत्राशय रिकामे केले की काही मिनिटांत माणूस शांत होतो. फुग्याच्या आधाराने आत टिकणारी ही रबरी नळी अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. नळीनंतर अल्फा-अवरोधक गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. पुष्कळांना पुन्हा आपोआप लघवी होते, काहींना होत नाही.

तुंबण्याला बहुधा काही निमित्त घडलेले असते, आणि ही निमित्ते माहीत असणे फार उपयोगाचे आहे. सर्वांत दुर्लक्षित निमित्त म्हणजे सर्दीच्या गोळ्या. नाक मोकळे करणारी स्यूडोएफेड्रिन वा फेनिलेफ्रिनसारखी द्रव्ये मूत्राशयाचे तोंड आवळतात आणि क्लोरफेनिरामिनसारखी अॅलर्जीविरोधी द्रव्ये मूत्राशयाचा स्नायू ढिला पाडतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या सर्दीच्या एकाच गोळीत ही दोन्ही असू शकतात. बद्धकोष्ठ, मद्यपान, लांबच्या प्रवासात तासन्‌तास लघवी दाबून ठेवणे, एखादी शस्त्रक्रिया आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे ही इतर कारणे. एसटीच्या प्रवासात किंवा पायी वारीत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणे हाही त्यावरचा इलाज नव्हे. त्याने लघवी घट्ट होऊन जळजळ, संसर्ग व बद्धकोष्ठ वाढतात. पाणी नेहमीप्रमाणे प्यावे, मात्र झोपण्यापूर्वीचे दोन तास चहा-पाणी आवरते घ्यावे, असा सल्ला सामान्यतः दिला जातो.

याहून घातक आहे ती हळूहळू तुंबण्याची अवस्था, कारण ती दुखत नाही. मूत्राशय महिनोन्‌महिने ताणले जाऊन लिटरभर लघवी आत शिल्लक राहते. वरून मात्र कपडे ओले होतात, अंथरुणात लघवी होते. घरच्यांना वाटते लघवी ‘फार’ होते आहे. प्रत्यक्षात भरलेला हंडा काठावरून सांडत असतो. मागे साठलेल्या दाबाने मूत्रपिंडे फुगतात आणि निकामी होऊ लागतात. भूक मंदावणे, थकवा, पायांवर सूज अशा लक्षणांनी रुग्ण येतो आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळते. वयस्क पुरुषाने नव्याने अंथरूण ओले करणे हे म्हातारपणाचे लक्षण समजून त्याला घरात ओशाळवाणे करण्याआधी त्याच्या ओटीपोटाची तपासणी झाली पाहिजे.

तपासणी

तक्रारींची तीव्रता मोजण्यासाठी सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२मध्ये तयार केली. एकूण गुण ० ते ३५ असतात. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० च्या पुढे तीव्र त्रास मानला जातो. डॉक्टर गुदाशयात बोट घालून ग्रंथी चाचपतात. या तपासणीला अनेक जण संकोचाने नकार देतात, पण अर्ध्या मिनिटात होणाऱ्या या तपासणीत ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी कठीण, हे कळते. त्याच वेळी पोट व जांघ उभ्याने आणि आडव्याने पाहिली तर हर्नियाही सापडतो. लघवी, रक्तशर्करा आणि क्रिएटिनिन या साध्या तपासण्या कुठेही होतात. सोनोग्राफीत ग्रंथीच्या आकारापेक्षा लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहिली, हा आकडा अधिक बोलका असतो. यंत्रात लघवी करून धारेचा वेग मोजतात. सेकंदाला १५ मिलिलिटरहून अधिक वेग समाधानकारक असतो, तर १० पेक्षा कमी असल्यास अडथळ्याची शंका बळावते. किमान १५० मिलिलिटर लघवी झाली नसेल तर हा आकडा फसवा ठरतो.

पीएसए ही रक्तचाचणी कर्करोगाची शंका घेण्यास उपयोगी पडते, पण साधी वाढ, संसर्ग किंवा नुकतीच घातलेली नळी यांनीही तिचे प्रमाण वाढते. वाढलेला आकडा म्हणजे कर्करोग नव्हे.

औषधोपचार

त्रास सौम्य असेल तर औषधाविना वर्षातून एकदा तपासणी पुरते. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही अल्फा-अवरोधक औषधे ग्रंथीतील व मूत्राशयाच्या तोंडातील स्नायू सैल करतात आणि काही दिवसांत गुण येतो. ग्रंथी मात्र लहान होत नाही. उठून उभे राहताना चक्कर येणे हा त्यांचा दोष आहे, म्हणून रात्री उठताना क्षणभर खाटेवर बसून मग उठावे. आणखी एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. ही औषधे, विशेषतः टॅम्सुलोसिन, घेणाऱ्यांच्या डोळ्यातील बुबुळाचा पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ढिला पडतो आणि शस्त्रक्रिया बिकट होते. हे २००५मध्ये प्रथम लक्षात आले. प्रोस्टेटचा आणि मोतीबिंदूचा त्रास एकाच वयात होतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञांना ही गोळी दाखवणे अत्यावश्यक आहे. गोळी पूर्वी घेत होतो व आता बंद आहे, हेही सांगावे.

फिनॅस्टेराइड व ड्युटास्टेराइड ही औषधे ग्रंथी प्रत्यक्ष लहान करतात, परंतु सहा महिने धीर धरावा लागतो. ग्रंथी मोठी असेल तरच त्यांचा उपयोग होतो. यांनी पीएसएचा आकडा सुमारे निम्मा होतो, त्यामुळे तो दुप्पट करून वाचावा लागतो. कामेच्छा कमी होणे हा काहींना होणारा परिणाम आहे. दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिल्यास मोठ्या ग्रंथीच्या रुग्णांत लघवी तुंबण्याचे व शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी होते, हे दीर्घकालीन चाचण्यांत दिसले आहे.

ग्रंथीवरील शस्त्रक्रिया

वारंवार लघवी तुंबणे, मूत्रपिंडांवर परिणाम, मूत्राशयात खडे, पुनःपुन्हा संसर्ग वा रक्तस्राव आणि औषधांनी न थांबणारा त्रास, ही शस्त्रक्रियेची कारणे होत. पोट उघडून ग्रंथीचा वाढलेला गर सोलून काढण्याची पद्धत पीटर फ्रेयर यांनी १९०१मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. ते आयरिश होते आणि त्याआधी दोन दशके भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये मूतखड्यांच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजले होते. पुढे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने गर खरवडून काढण्याची टीयूआरपी पद्धत आली आणि अनेक दशके तीच प्रमाण मानली गेली. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. लेझरने गर सोडवण्याची पद्धत मोठ्या ग्रंथींसाठी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी विशेष सोयीची आहे.

या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. हे अपायकारक नसते, पण आधी सांगितलेले नसले तर रुग्ण हादरतो. ग्रंथीचे बाहेरचे कवच जागेवरच राहते, म्हणून ‘प्रोस्टेट काढली आहे’ या समजुतीने कर्करोगाची तपासणी सोडून देणे चूक आहे.

जांघेतील हर्निया

गर्भावस्थेत वृषण पोटातून जांघेतील सुमारे ४ सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून अंडकोशात उतरतात. पुरुषांच्या जांघेत त्यामुळे जन्मभराची एक दुबळी वाट राहते. पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता एका ब्रिटिश अभ्यासात सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ३ टक्के आढळली. आतडे या बोगद्याच्या वाटेने उतरले तर तो अप्रत्यक्ष हर्निया; बोगद्याची मागची भिंतच झिजून पुढे फुगली तर प्रत्यक्ष हर्निया. दुसरा प्रकार मुख्यतः वयस्कांत दिसतो.

उभे राहिल्यावर, खोकल्यावर किंवा ओझे उचलल्यावर जांघेत फुगवटा येतो आणि आडवे पडले की नाहीसा होतो. पुष्कळदा दुखत नाही, केवळ ओढल्यासारखे वाटते. आत न जाणारा, कठीण व दुखरा झालेला फुगवटा, त्यासोबत उलट्या, पोट फुगणे आणि वारा न सरणे ही आतड्याला फास बसल्याची चिन्हे आहेत. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आणि काही तासांत ते सडू लागते. अशा वेळी शेकणे, तेल चोळणे किंवा जोराने आत ढकलणे जीवघेणे ठरू शकते.

त्रास नसलेल्या हर्नियावर लगेच शस्त्रक्रिया करावी का, याचे उत्तर २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने दिले. ७२० पुरुषांच्या या अभ्यासात वाट पाहणाऱ्यांत आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षा कमी निघाले. मात्र दोन वर्षांत जवळजवळ चौथाई आणि दहा वर्षांत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांनी वेदना वाढल्यामुळे शस्त्रक्रिया करून घेतली. थांबणे सुरक्षित आहे, पण ते बहुधा पुढे ढकलणेच ठरते. अर्थात ही आकडेवारी जवळ रुग्णालय असलेल्यांची आहे. कमरेचा पट्टा हर्निया बरा करीत नाही. चुकीचा बसवला तर आतडे पट्ट्याखाली चेपले जाते.

दोन्ही विकार एकत्र असताना

साठीच्या पुरुषाला नव्याने हर्निया झाला की तीन प्रश्न विचारावेत, असे शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते: खोकला आहे का, शौचाला कुंथावे लागते का, लघवीला जोर करावा लागतो का. तिन्हींत पोटातील दाब वाढतो. लघवीच्या अडथळ्यामुळेच हर्निया होतो हे आकडेवारीने निर्विवाद सिद्ध झालेले नाही. ऊतींची जन्मजात दुर्बलता आणि वय यांचा वाटा मोठा आहे. तरीही कुंथण्याचे कारण तसेच ठेवून केवळ जांघ शिवणे शहाणपणाचे नाही. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर आधी ग्रंथीचा उपचार करून लघवी सुरळीत करतात. काही ठिकाणी दोन्ही शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकतात. आतड्याला फास बसला असेल तर मात्र क्रम उलटा होतो. तेव्हा हर्निया आधी, आणि लघवीची सोय नळीने.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी अडकणे ही नित्याची गुंतागुंत आहे. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर तिचे प्रमाण अधिक, आणि केवळ जांघेपुरती भूल दिल्यावर बरेच कमी असते. लघवीचा त्रास आधीच असलेल्या वृद्धांना हे विचारात घेऊन भूल निवडण्याचा लाभ होतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी लघवीबद्दल विचारले नाही तर रुग्णाने आपण होऊन सांगावे.

क्वचित प्रसंगी जांघेतून उतरलेला भाग आतड्याचा नसून खुद्द मूत्राशयाचा असतो. याची एक विलक्षण खूण आहे. माणूस एकदा लघवी करतो, मग जांघेचा फुगा हाताने दाबतो आणि त्याला पुन्हा लघवी होते. रुग्णाला ही सवय क्षुल्लक वाटते, त्यामुळे तो सांगत नाही. शल्यचिकित्सकाला मात्र ती आधी कळली तर मूत्राशयाला चुकून इजा होण्याचे टळते.

नाशिक परिसर

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा, लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठा आणि औद्योगिक वसाहती यांमुळे ओझे वाहणाऱ्या पुरुषांची संख्या मोठी आहे. ओझ्यामुळे दबून राहिलेला हर्निया उघडकीस येतो आणि मोठा होतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो ठेवली आहे. महाराष्ट्रात हमालांच्या कामाचे नियमन १९६९च्या माथाडी कायद्याने होते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जड काम काही आठवडे टाळावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाला या आठवड्यांची मजुरी बुडते, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे खरे कारण भीतीपेक्षा हेच असते.

शहरात जिल्हा रुग्णालय आणि आडगाव येथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९८मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नाशिकलाच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ आदिवासी तालुक्यांतील गावांपासून मात्र शहर दूर पडते. फास बसलेल्या हर्नियाला मिळणारे तास घाटरस्त्यात संपतात, म्हणून अशा गावांतील पुरुषांनी दुखत नसलेला हर्नियाही वेळेत शिवून घेणे अधिक हिताचे आहे. २०१२मध्ये सुरू झालेली आणि २०१७पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी राज्याची जन आरोग्य योजना मूत्ररोगांच्या अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात समाविष्ट आहे, हे तेथील आरोग्यमित्राकडे आधी विचारून घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांचे योगदान

हर्निया शिवण्याची आधुनिक पद्धत इटलीतील एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८०च्या दशकात रूढ केली. टाक्यांवर ताण येऊन हर्निया उलटण्याचे प्रमाण तीत बरेच होते. दुबळ्या जागी कृत्रिम धाग्याची जाळी बसवून ताण टाळण्याची पद्धत अमेरिकेतील अर्विंग लिख्टेनश्टाइन यांनी १९८०च्या दशकात प्रचलित केली आणि हर्निया उलटण्याचे प्रमाण एकदम घटले. अडचण होती ती जाळीच्या किमतीची.

या अडचणीवर नाशिकच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातून एक उत्तर आले. शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा विचार केला. ते पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांच्या मिश्र धाग्याचे होते, म्हणजे महागड्या जाळीच्या जवळच्या जातीचे. हे कापड कापून, धुऊन, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियांत वापरले आणि २००३मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. खर्च बाजारातील जाळीच्या अत्यल्प अंशाइतका होता. सुरुवातीला पुष्कळांनी या प्रयोगाकडे साशंकतेने पाहिले, आणि मच्छरदाणी शरीरात शिवणे हे ऐकायला विचित्र वाटते हे खरेच. आफ्रिकेतील शल्यचिकित्सकांनी मात्र ही कल्पना उचलली. पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. वर्षभरात मच्छरदाणीच्या जाळीच्या गटात एका रुग्णाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य होता. कीटकनाशक लावलेली घरगुती मच्छरदाणी यासाठी चालत नाही. धाग्याचा प्रकार आणि निर्जंतुकीकरणाचे तापमान काटेकोर पाळावे लागते, कारण काही धागे जास्त उष्णतेने वितळतात किंवा आकसतात.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली. जांघेवरील स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी, तिची दोन्ही टोके स्नायूला जोडलेली ठेवून, ते दुबळ्या भिंतीवर शिवतात. २००१पासून प्रसिद्ध झालेली ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि पोलंडसह अनेक देशांत तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली आहे. शरीरात परका पदार्थ राहत नसल्याने जखम दूषित असताना किंवा जाळी परवडत नसताना ती उपयोगी ठरते. पडदा पातळ वा फाटलेला असेल तर मात्र करता येत नाही.